गेनूचा घोटा

गेनूच्या डाव्या घोट्याला नऊ वर्षं खाज येत होती, आणि एवढ्या काळात त्या घोट्याबद्दल मत नाही असा माणूस वाडीत उरला नव्हता. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, घाटाकडं तोंड करून बसलेली बावीस उंबऱ्यांची ती वाडी. मतं मात्र तीसेक होती, कारण काहींची दोन-दोन होती.

वैताग आला होता तो गेनूच्या बायकोला, बनाबाईला. खुद्द गेनूला वैताग वगैरे काही नव्हता. जेवण झालं की तो भिंतीला टेकून बसायचा, उजव्या पायाची टाच डाव्या घोट्यावर ठेवायचा आणि जातं फिरवावं तशी फिरवायला लागायचा. खर्र, खर्र, खर्र. डोळे अर्धे मिटलेले. तोंडावर अशी शांती, की नवख्याला वाटावं हा जप करतोय. टाच दमली की नखं, नखं दमली की खराट्याचा बुडखा.

"आवो, पुरं करा की आता," बनाबाई म्हणायची.

"झालंच," गेनू म्हणायचा. नऊ वर्षं हे झालंच चाललं होतं.

घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा चट्टा होता. काळा, जाड, आडव्यातिडव्या रेघांचा. बैलाच्या मानेवर जू घासून घट्टा पडतो ना, तसा. सुरुवात करवंदीच्या काट्यापासून झाली. काटा घोट्यात भरला तशी शेजारची अक्काबाई धावत आली, तिनं बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं उकळतं तेल काट्याच्या जागी टेकवलं. बिबा उतला. घोटा भोपळ्याएवढा झाला, पाणी गळालं, खपल्या धरल्या, पडल्या. काटा कुठं गेला ते कुणाला कळलं नाही, पण खाज राहिली. मग त्या खाजेवर करंजाचं तेल झालं, गंधक झालं, तंबाखूची राख झाली, घासलेट झालं. चिमाजी तात्यानं बॅटरीच्या सेलातली काळी पूड खोबरेलात खलून दिली. सोनबानं बैलाच्या खांद्याला लावायचं औषध आणलं. त्यानं बैलाला गुण आला होता असं सोनबाचं म्हणणं होतं. त्यावर काही सांगायला बैल हयात नव्हता.

एवढी वर्षं हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. अडुसष्ट सालच्या आषाढात मात्र हसणं संपलं.

त्याचं असं झालं, वैशाखात दोन सरकारी माणसं महारोगाची तपासणी करत गावोगाव फिरत होती. सदरा काढून पाठ दाखवायची, हातपाय दाखवायचे, की सुटका. पण गेनूला कुणीतरी सांगितलं, देवी टोचणारे आलेत. गेनू वाघाला भीत नव्हता, कारण वाघ त्यानं पाहिला नव्हता. सुई पाहिली होती. तो जो उठला तो वरच्या कारवीत जाऊन बसला आणि दिवस मावळताना खाली उतरला. तोवर वाडीतल्या सगळ्या पाठी तपासून झाल्या होत्या, सगळ्या निर्धोक निघाल्या होत्या आणि माणसं पुढच्या गावाला गेली होती. दोन महिने कुणी काही बोललं नाही. मग पाऊस लागला, चिमाजी तात्याच्या पडवीत इरली नीट करायला मंडळी जमायला लागली आणि रिकाम्या डोक्यांत उजेड पडला. पायाला काळा चट्टा. नऊ वर्षं बरा होत नाही. तपासणीला माणूस पळतो. आणखी काय पाहिजे?

सोमवारी सकाळी अक्काबाई आली. एरवी चुलीपर्यंत येणारी बाई पागोळीखाली भिजत उभी राहिली, तेव्हाच बनाबाईला काय ते समजलं.

"बने, शुकरवारच्या इर्जिकीला कोन येनार न्हाई बग. तात्यानं सांगितलंय."

"का? आमी समद्यांच्या खाचरात राबलो की ओ अक्का."

"राबला व्हय. पन चिखुल एकच असतो ना. गेनूचाबी पाय त्यात आन् आमचाबी त्यात. महारोग म्हंजी..."

"नऊ वर्सं हे तुमच्याच चिखलात उभं ऱ्हात्यात."

"तवा आमाला ठावं नव्हतं," अक्काबाई म्हणाली. "न्हाईतर तवाच लागला असता."

बनाबाईनं या वाक्याकडं दोन-तीन बाजूंनी बघितलं. आत शिरायला कुठूनच वाट सापडली नाही.

वाडीची रीत अशी, की एका दिवशी एका घराची भातलावणी सगळ्यांनी मिळून उरकायची. ज्याचं खाचर त्यानं जेवण घालायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या बांधावर जायचं. हीच इर्जिक. बाकी सगळ्यांची लावणी उरकली होती; गेनूची पाळी सगळ्यात शेवटी, शुक्रवारी होती. त्याचा तरवा पंचवीस दिवसांचा होऊन गेला होता. आणखी आठवडाभर रोप तसंच राहिलं असतं तर त्याला कांडं धरली असती, आणि मग ते लावण्यापेक्षा म्हशीपुढं टाकलेलं बरं. सात खाचरं आणि माणसं दोन, त्यातलं एक खाजवणारं. लावणी हुकली म्हणजे वर्षभराचा भात हुकला.

बनाबाई आत गेली. "ऐकलं न्हवं?"

"ऐकलं," गेनू म्हणाला. खर्र, खर्र.

"उद्या भोरला जायचं. डाक्तरला दावायचं."

"त्यो सुई मारंल."

"त्यानं न्हाई मारली तर म्या मारीन. दाभनानं."

मंगळवारी दोघं इरली डोक्यावर घेऊन हिर्डोशीपर्यंत चालत आली आणि तिथून एसटीत बसली. गेनूनं पुढच्या बाकड्याच्या लोखंडी पायाला आपला घोटा अलगद टेकवून ठेवला. गाडी खड्ड्यात गेली की आपोआप खाजवलं जायचं, आणि गाडी सारखीच खड्ड्यात जात होती. भोर येईपर्यंत गेनूचं एसटीबद्दल फार चांगलं मत झालं होतं. उतरायला तो तयार नव्हता.

दवाखान्यातले डॉक्टर साठीचे, जाड भिंगाचे. सकाळपासून चाळीस माणसं तपासून ते स्वतःच जरा आजारी दिसत होते.

"काय होतंय?"

"महारोग," गेनू म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"वाडीनं."

"वाडी कुठं शिकली?"

डॉक्टरांनी पाय स्टुलावर ठेवायला सांगितला. चट्टा दाबला, चिमटीत धरला, उजेडाकडं वळवला.

"खाज येते?"

"लई," गेनू म्हणाला. बोलता बोलता त्याचा हात घोट्याकडं निघाला. डॉक्टरांनी तो पकडून परत मांडीवर ठेवला.

"जास्त कधी येते?"

"रिकामं बसलं की," बनाबाई म्हणाली. "कामात आसलं की घोटा हाय हेबी ध्यानात नसतं. बूड टेकलं की सुरू."

"घरात आणखी कुणाला खाज?"

"मला येती. पन ती ह्यांच्या आवाजानं."

डॉक्टरांनी गेनूच्या बोटांच्या बेचक्या बघितल्या, मनगटं बघितली, काखा बघितल्या. मग म्हणाले, "खरूज नाही. खरूज असती तर तिनं नऊ वर्षांत तुम्हालाही सोडलं नसतं. बरं, हा चट्टा गोल गोल पसरत गेला का? मधे बरा, कडेला लाल?"

"न्हाई. जलमला तिथंच हाय," गेनू म्हणाला.

"म्हणजे गजकर्णही नाही. आता डोळे मिटा. मी पायाला कापूस लावीन. लागला की तिथं बोट ठेवायचं."

गेनूनं डोळे मिटले. डॉक्टरांनी कापसाचा धागा ओढून चट्ट्यावर टेकवला. गेनूनं बोट ठेवलं. चट्ट्याच्या कडेला टेकवला, तिथंही ठेवलं. तिसऱ्यांदा गेनूचं बोट आधीच येऊन बसलं.

"अजून लावला नाही मी."

"लावनार असं वाटलं," गेनू डोळे मिटूनच म्हणाला. "लावा की. बरं वाटतंय."

डॉक्टरांनी कापूस टाकून दिला. गेनूच्या कोपराच्या मागची शीर चाचपली, पाठ बघितली, कान बघितले आणि हात धुतले.

"महारोगाचा चट्टा बधिर असतो," ते बनाबाईला म्हणाले. "कापूस लागलेला कळत नाही, आणि सहसा खाजतही नाही. हा घोटा तर अख्ख्या तालुक्यात सगळ्यात जागा आहे. आणि असता महारोग, तरी त्याला गोळ्या आहेत. माणसाला वाळीत टाकायचं कारण तेव्हाही नव्हतं."

"मग हाय काय ह्ये?"

"इसब. जुना झालाय."

"आन् कशानं झाला?"

"खाजवल्यानं."

"आन् खाज कशानं येती?"

"इसबानं."

नऊ वर्षं आपण जे ओरडत होतो ते हा शिकलेला माणूस खुर्चीत बसून सांगतोय, याचा आनंद मानावा की राग, ते बनाबाईला ठरवता येईना. डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. बिब्यानं कातडी भाजली. ती भरून येताना खाजतेच. तेव्हा हात आवरला असता तर तिथंच मिटलं असतं. पण हे खाजवत गेले, खाजवून कातडी जाड झाली, जाड कातडी आणखी खाजते, म्हणून आणखी खाजवलं. "आणि मधल्या काळात लावलंत काय काय?"

बनाबाईनं सगळं सांगितलं. बैलाच्या औषधापाशी डॉक्टरांनी चष्मा काढला.

"घासलेट लावून काडी नाही ना लावलीत?"

"न्हाई," गेनू म्हणाला. "त्ये कुनी सुचिवलं न्हाई."

डॉक्टरांनी मलम थापलं, त्यावर पट्टीचे एवढे वेढे दिले की गेनूचा घोटा नवरदेवाच्या डोक्यासारखा दिसायला लागला. "तीन आठवडे ही पट्टी सोडायची नाही. आठवड्याला इथं यायचं, मी बदलीन. पाय चिखलात, पाण्यात घालायचा नाही. दुसरं काही लावायचं नाही. खाज आली तर वरून थापटायचं, पण नख लावायचं नाही. बाई, हे तुमच्याकडं."

"माज्याकडंच असतं समदं," बनाबाई म्हणाली. "डाक्तर, महारोग न्हाई म्हनून लिवून द्या. शिक्का मारून."

"नाही म्हणून कशाला लिहून पाहिजे?"

"तुमी आमची वाडी बगितली न्हाई."

डॉक्टरांनी लिहून दिलं.

बुधवारी सकाळी बनाबाई गेनूला आणि कागदाला घेऊन चिमाजी तात्याच्या पडवीत गेली. सात-आठ जण बसले होते. तात्या चौथी शिकलेला. त्यानं कागद लांब धरून एकदा मनात वाचला, एकदा मोठ्यानं वाचला, मग शिक्का नखानं खरवडून बघितला.

"गेनूला महारोग न्हाई आसं लिवलंय," तो म्हणाला.

"व्हय."

"ह्ये लिवायची पाळी का आली?"

बनाबाईनं कागद परत घ्यायला हात पुढं केला.

"न्हाई, म्या काय म्हंतो," तात्या सगळ्यांकडं वळून म्हणाला, "माज्यापाशी हाय का असा कागद? सोनबापाशी हाय? कुनापाशीच न्हाई. कारन आमाला रोगच न्हाई. ज्याला न्हाई त्याला न्हाई म्हनून कोन कशाला लिवून दील?"

मंडळींनी माना हलवल्या. मुद्दा बिनतोड होता. सोनबा तर गेनूपासून वीतभर आणखी सरकला.

बनाबाईनं पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. मग पडवीतल्या डालग्याखालचं कोंबडीचं एक पीस उचललं, सोनबाचा टॉवेल त्याच्या खांद्यावरून ओढून घेतला आणि गेनूचे डोळे बांधले. पट्टी घोट्यावर होती, पण चालून ती खाली सरकली होती आणि चट्ट्याचं वरचं टोक बोटभर बाहेर आलं होतं. डॉक्टरांनी काय केलं ते तिनं सगळ्यांना सांगितलं आणि तिथं पीस टेकवलं.

"हितं," गेनू म्हणाला.

पुन्हा टेकवलं. पुन्हा बरोबर.

"शिकवून आनलाय त्याला," सोनबा म्हणाला.

"मला लाव," चिमाजी तात्या म्हणाला. त्यानं पाय लांब केला आणि डोळे गच्च मिटले. "म्हंजी कसं लागतं ते मानसाला कळंल तरी."

तात्याचा पाय पंचावन्न वर्षं अनवाणी हिंडलेला. पुढं आली होती ती टाच. जात्याच्या पाळीसारखी, भेगांची. बनाबाईनं पीस टाचेवर फिरवलं.

"लाव की," तात्या म्हणाला.

"लावलं, तात्या."

"कवा?"

"दोनदा."

तात्यानं डोळे उघडले. "परत लाव," तो म्हणाला. तिनं परत लावलं. या वेळी तात्या डोळे उघडे ठेवून बघत होता, पीस टाचेवरून जाताना दिसत होतं आणि लागत मात्र नव्हतं. सोनबानं घाईघाईनं स्वतःची टाच पुढं केली. मग एकेकानं केली. सात जणांच्या चौदा टाचांपैकी अकरा बधिर निघाल्या. बाराव्या टाचेचा मालक लागलं म्हणाला, पण कुठं लागलं ते त्याला सांगता येईना, तेव्हा तीही बधिरातच धरली.

पडवीतली बसण्याची मांडणी हळूहळू बदलली. तात्याच्या बाजूची माणसं तात्यापासून सरकली. सरकून जाणार कुठं? शेजारच्याचीही टाच बधिरच होती. शेवटी जो तो गेनूकडं सरकला. महारोग नाही असा शिक्क्याचा कागद असलेला माणूस वाडीत तो एकटाच होता.

"त्या डाक्तरकडं आनखी कागद आसतील का?" सोनबानं हळूच विचारलं.

बनाबाईला वाटलं, ठेवावं यांना असंच शुक्रवारपर्यंत. ठेवलंही असतं. पण तात्याची बायको रतनबाई दारात येऊन उभी राहिली होती आणि नवऱ्याच्या टाचेकडं बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"टाच हाय ती, तात्या," बनाबाई म्हणाली. "जलमभर दगडावर घासली. जाड झाली. तिला पीस कसं कळंल?" आणि तिनं पीस त्याच्या पोटरीवर टेकवलं. तात्या केवढ्यानं तरी दचकला. सगळ्यांनी श्वास सोडले. "ह्यांचा घोटाबी तसाच जाड झालाय. तुमची दगडानं घासली, ह्यांनी नखानं घासला. तुमची टाच चिखलातनं कुनाला लागली का आजवर?"

चिमाजी तात्यानं यावर बराच विचार केला. आपली टाच कुणाला लागल्याचं त्याला आठवेना.

"मग शुकरवारी येतो आमी," तो म्हणाला. "गेनू, रोपाची पैली मूठ येळेवर लाव म्हंजी झालं."

"ह्यांना तीन आठवडे चिखलात पाय घालायचा न्हाई," बनाबाई म्हणाली. "डाक्तरनं सांगितलंय."

तात्याचा चेहरा पुन्हा कडक झाला. "मग कसं? घरधनी चिखलात न्हाई तर इर्जिक कसली? पैली मूठ त्याचीच. रीत हाय."

"तात्या, परवा हे चिखलात उतरतील म्हनून तुमी येत नव्हता."

"परवा त्याला रोग व्हता."

"आता न्हाई ना?"

"न्हाई. म्हनूनच इचारतो, आता उतराया काय झालं?"

"म्या लावते पैली मूठ."

"बाईमानसानं?"

"बाकीच्या मुठी कोन लावतं मग? बाईमानसंच ना?"

"त्या दुसऱ्या मुठी," तात्या म्हणाला.

शुक्रवारी सगळी वाडी आली. चिखलणी झाली, रोपांच्या जुड्या पडल्या आणि माणसं बांधावर ओळीनं उभी राहिली. पाऊस लागलेला. खाली एक माणूस उतरेना. गेनू बांधावर इरल्याखाली बसला होता, पट्टीचा पाय गोणपाटात गुंडाळून. कुणी म्हणालं, गेनूनं बांधावरूनच मूठ फेकावी. कुणी म्हणालं, फेकलेली मूठ लावलेली धरत नाहीत. सोनबा म्हणाला, उजवा पाय तेवढा घालू दे. मग डावा कुठं ठेवायचा यावर चर्चा सुरू झाली. पाण्यात पडलेल्या जुड्यांची मुळं उघडी पडत चालली होती.

"उचला ह्यांना," बनाबाई म्हणाली.

"आं?"

"उचला म्हन्ते. पाय वर, हात खाली. आन् लावू द्या ती मूठ."

रीतीत याच्या विरुद्ध काही नव्हतं. तात्यानं दोनदा आठवून बघितलं. मग तो आणि सोनबा चिखलात उतरले, त्यांनी गेनूला बांधावरून आडवा खांद्यावर घेतला आणि खाचरात नेला. मागं डावा पाय उंच धरायला कुणीतरी पाहिजे होतं. अक्काबाईनं पदर बांधला आणि तो घोटा दोन्ही हातांत छातीशी धरून ती त्यांच्यामागून चालायला लागली. गेनूचं डोकं खाली, हातात जुडी. त्यानं वाकून पहिली मूठ लावली.

"वाकडी लागली," तात्या खालून म्हणाला.

"उलटं लोंबताना सरळ कशी लागंल?"

"काढ. परत लाव. जरा खाली घे रं त्याला, सोनबा."

"म्या घेतोय, तुमीच वर धरताय."

बनाबाईनं एकदा आकाशाकडं बघितलं, एकदा त्या चौघांकडं. मग जुडी उचलून ती चिखलात उतरली. मागोमाग रतनबाई उतरली, मग सगळ्या बाया. पहिली मूठ लागली होती. वाकडी की सरळ, हे रीतीत सांगितलेलं नव्हतं. बाया भराभर मागं सरकत गेल्या आणि त्यांच्यापुढं खाचर हिरवं होत गेलं.

दुपारपर्यंत सातातली चार खाचरं लावून झाली. पहिली मूठ नीट लागली की नाही यावर पुरुषांचं तेव्हाही एकमत झालेलं नव्हतं, आणि गेनू अजून खांद्यावर होता.